शेल्याची उघडी शिवण

वैनी,

परवा मी तुझी शिवण उसवायला बसले होते. दारापुढच्या बल्कांवातल्या तुझ्याच दगडी बाकावर, तुझीच टोकदार कात्री घेऊन. एक टाका काढला आणि कात्री ठेवून दिली. मग आत जाऊन उगीचच भांडी आपटली. तुझ्या दिरानं स्वयंपाकघरात डोकावून बघितलं, माझं तोंड पाहिलं आणि मागे फिरला. शहाणा आहे, तुझ्या हाताखाली वाढलाय.

डिचोलीच्या श्रद्धाचा तो शेला. आठवतो ना? काय विचारतेय मी, तुझ्याशिवाय तो आणखी कुणाला आठवायचा! त्या दुपारी जेवलीस, "डोक्यां जड झालां गो, जरा आडवी पडतंय," म्हणालीस, शेला घडी करून मशीनवर ठेवलास, सुई त्याच्यातच टोचून ठेवलीस आणि जाऊन पडलीस. मी चहा घेऊन हाक मारायला आले तर… जाऊ दे. तुलाच तुझं मरण काय सांगायचं. डॉक्टर म्हणाले मेंदूत रक्तस्राव झाला. मला एवढंच आठवतं की चहा कोमट होत होता आणि मी तुझे तळपाय चोळत होते, वेड्यासारखी, "ऊठ गो, ऊठ गो" करत.

तुझं बारावं झालं. सुतकात सुईला हात लावायचा नाही म्हणून मशीन झाकून ठेवलं होतं. त्यावर तो शेला तसाच होता, सुईसकट. पाहुणे यायचे, रडायचे, "गुणी बाय गेली" म्हणायचे. मला आतून हसू येत होतं. गुणी! यातल्या एकीच्या तरी ब्लाउजला तू नाव न ठेवता सोडलं होतंस का? कुणाची बाही उडते, कुणाचा गळा पडतो, कुणाची कंबर शिंप्यानं कुठल्या रागात कापली, सगळं तू देवळाच्या पायरीवर उभ्या उभ्या सांगायचीस. पण मेल्यावर माणसाला गुणी करूनच टाकतात. मला ते आवडलं नाही. मला तू होतीस तशीच पाहिजेस.

मी तुझ्या दिराशी लग्न होऊन पार्सेच्या या घरात आले तेव्हा तू दारात नव्हतीस. ओवाळायला शेजारच्या काकी. घरात थोरली जाऊ आहे हे मला ठाऊक होतं, थोरले भावजी सुर्ल्याच्या खाणीवर ट्रक चालवायचे आणि आजारपणात गेले हेही ऐकलं होतं. पण जाऊ आहे कुठे? उंबऱ्यावरचं माप ओलांडताना मी सहज मान वळवली तर स्वयंपाकघराच्या जनेलाच्या गजांतून दोन डोळे माझ्याकडे बघत होते. खरं म्हणजे माझ्याकडेही नाही, माझ्या ब्लाउजच्या खांद्याकडे. रात्री ताट वाढताना तू मला पहिलं वाक्य बोललीस ते असं: "खांद्याची शिवण पुढे इली हा. खंय शिवलंस?" माझंच डिझाइन होतं गं ते! पणजीत फॅशन डिझाइनचा कोर्स करून आलेली मी. मला इतका राग आला की नव्या घरातली पहिली रात्र मी तुझ्यावर चिडण्यात घालवली.

आणि त्याच रागातून आपला धंदा उभा राहिला म्हण ना. मी हरमलच्या एका दुकानासाठी सुती फ्रॉक शिवायला घेतले, सगळं हातशिलाईचं. तू येऊन बघितलंस आणि म्हणालीस, "ह्यां काय, शेतात उभां करतत ता बुजगावणां?" मग खाली बसलीस, कड उलटीसुलटी केलीस आणि विचारलंस, "बोल्स खंय?" खिशाला तू कधी खिसा म्हटलं नाहीस, बोल्सच. बाईच्या कपड्याला बोल्स नाही म्हणजे ती किल्ल्या काय दातात धरणार? मी म्हटलं, लाइन बिघडते, कपडा पडत नाही नीट. तू म्हणालीस, "मगे नीट पडणारो बोल्स काढ. शिकलंस कित्याक?" दोन दिवस मी कागद फाडत बसले. शेवटी बाजूच्या शिवणीत लपणारा खिसा जमला. दुकानातून फोन आला की एक परदेशी मुलगी खिशात हात घालून आरशासमोर गोल गोल फिरली आणि त्याच रंगाचे आणखी मागून गेली. तू ऐकलंस, मान हलवलीस आणि पेज ढवळत राहिलीस. शाबासकी म्हणून मला त्या दिवशी लोणच्याची मोठी फोड मिळाली.

तांबड्या मातीच्या रंगावरून केवढं भांडलो! मला हौस, आपल्याकडची माती घेऊन कापड रंगवायचं. डोंगरातून माती आणली, गाळली, कापड भिजवलं, दोरीवर घातलं. तू बाहेर आलीस आणि त्या दोरीकडे बघून तुझा चेहराच उतरला. "म्हायेराक, सुर्ल्यात, आमी जल्मभर ह्यो रंग धुवन काढलो," म्हणालीस. "वाळत घातलेली कापडां, वाटेवरसून खाणीचो ट्रक गेलो की परत धुवक. आवशीचे हात सोलवटून जायत. आणि तू मुद्दाम लावतंस?" मी तेव्हा काहीतरी ऐटीत बोलले, मातीचं नातं वगैरे. तू म्हणालीस, "नातां माका सांगू नको. साबण माका घालूक लागलो." ते कापड सगळ्यात जास्त खपलं, अजून खपतं. पण तू त्याला शेवटपर्यंत हात लावला नाहीस. ते संगीताच्या वाट्याला जायचं. गडहिंग्लजकडची संगीता, नवरा तुयेच्या कारखान्यात, ती बिचारी आपल्या दोघींच्या मधे बसून दोन्हीकडच्या शिव्या ऐकत टाके घालायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

ही भांडणं मला आठवतात आणि बरं वाटतं. पण एक भांडण आहे ते बरं वाटू देत नाही.

लग्नाचे शेले आपल्याकडे यायला लागले तेव्हापासूनचं ते. नवरा-नवरीची गाठ ज्याला बांधतात तो शेला, दोन पदरी, हाताने शिवलेला. मुलींना आवडायला लागले, डिचोली, साखळी, म्हापसा, कुठून कुठून मागणी. दोन पदरी शेला उलट्या बाजूनं शिवायचा, कडेला चार बोटं जागा सोडायची, त्या जागेतून सगळा सुलटा बाहेर काढायचा आणि मग ती उघडी जागा बाहेरून बारीक टाक्यांनी मिटवायची. ती मिटवणी तुझ्याइतकी सुरेख कुणाची नव्हती. माझीसुद्धा नाही, बोलून टाकते आज. पण लग्नाच्या शेल्याला तू ती कधी केली नाहीस. सगळा शेला तुझा, कडेची नक्षी तुझी, आणि चार बोटं राहिली की सुई टोचून ठेवायचीस आणि हाक मारायचीस, "ये गो, शेवटचो टाको मार."

पहिल्यांदा मी काही विचार न करता मारला. दुसऱ्यांदा विचारलं, का? तू म्हणालीस डोळे दुखतात. त्यानंतर कधीतरी म्हणालीस, धंदो तुझ्या नावान, शेवटचो टाको तुझोच होवक हवो. मग एकदा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कुर्त्यांना तुझे डोळे दुखत नव्हते. फ्रॉकला तुला माझं नाव आठवत नव्हतं. दुखणं फक्त लग्नाच्या कापडाला. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, वैनी, तू विधवा म्हणून? तू मान वर केली नाहीस. म्हणालीस, "दोरो ओव."

माझा राग तुला माहीत आहे. मी नको नको ते बोलले. आपण बायांनी चालवलेला धंदा, लोकांना फोटोखाली मोठमोठं लिहून सांगतो, आणि आपल्याच बल्कांवात हे? तुझ्या हाताला काय झालंय? तुझा नवरा तापानं गेला, तू का टाका अर्धवट सोडतेस? तू ऐकून घेतलंस. आबोलीचा वळेसर मी तुझ्या केसांत जबरदस्तीनं माळला होता एकदा, तोही तू असाच शांतपणे काढून देवापुढे ठेवला होतास. एका शेल्याला मी हट्टानं सुई धरलीच नाही. बघू काय करते! तू काय केलंस? नवरीची मावशी शेला न्यायला आली तेव्हा तिच्या हातात सुई दिलीस. "आमच्याकडे अशी रीत आसा," म्हणालीस, साखरेसारखं गोड हसून. रीत! तूच काढलेली रीत! ती मावशी इतकी खूश झाली की गावभर सांगत सुटली. पुढे तर मुली विचारायलाच लागल्या, शेवटचा टाका आमच्या घरच्या बाईनं मारायचा ना? तुझ्या लाजेची तू धंद्याची शोभा करून टाकलीस आणि ती शोभा माझ्या नावावर खपत राहिली.

खरं कारण तू मला सांगितलं नाहीस. मी हजारदा विचारलं असतं तर कदाचित सांगितलं असतंस. मी विचारत नव्हते गं, मी भांडत होते. दोन्हीत फरक असतो आणि आता विचारायचं म्हटलं तर कुणाला?

तर श्रद्धाचा शेला. हळदीच्या रंगाचा, कडेनं लाल दोऱ्यानं काजूची पानं, तिच्या माहेरच्या डोंगरावर काजू म्हणून. सगळा झालेला, चार बोटं उघडी. सुतक फिटल्यावर तिच्या आईचा फोन आला. आवाज अगदी खालचा. "बाय, वायट मानून घेवं नकात. तुमची वैनी गेली तें आयकून बरें दिसलें ना. पूण तो शेलो… चेडवाच्या लग्नाची गांठ बांदपाची आसा तेका." मी म्हटलं, तयार आहे, शेवटचा टाका राहिलाय फक्त. तिनं आवाज आणखी खाली घेतला. मग म्हणाली, "तसो नाका. तिचे टाके काडून उडयात आनी तुमी परत घालात. तुमी सवाशीण. चेडवाक तोच शेलो जाय, नाजाल्यार हांव दुसरो घेतलें आशिल्लें."

मी "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. मुलीला तोच शेला हवा, पण तुझे टाके उसवून, मी सवाशीण म्हणून परत घातलेले! अंगाची आग आग झाली. तुझा दीर म्हणाला, "उसव आणि दे. त्यांच्या घरचं कार्य आहे, आपण कशाला कुणाच्या मनात किडा सोडायचा?" त्याचं म्हणणं खोटं नाही. त्याला तुझी आठवण कापडात शोधावी लागत नाही, तुझ्या हातचं खाऊन मोठा झालाय तो. मी शेला संगीताकडे सरकवला. म्हटलं, तू उसव, माझ्यानं होणार नाही. तिनं हात मागे घेतले. "ताई, दुसरं कायबी सांगा. रातभर बसून नवा शिवून देते. पर आक्कांचा टाका म्या न्हाई उसवणार. काढून टाकायचं तर टाका कामावरनं." आणि रडायला लागली. तू गेलीस तेव्हा तिला घरच्या माणसांसारखं रडायला मिळालं नव्हतं, चहा करत होती बिचारी सगळ्यांसाठी. ते सगळं तेव्हा बाहेर आलं.

मग मीच बसले. आणि खरं सांगू, त्या बाईवर माझा राग टिकेना. रागवू कशी? ती मला तुझंच म्हणणं ऐकवत होती. विधवेचा हात लग्नाच्या कापडाला नको, हे तूच मला इतकी वर्षं चार-चार बोटांनी सांगत आलीस. तुला विचारता आलं असतं तर तूच म्हणाली असतीस, "उसव गो, त्येंच्या मनात नाय तर कित्याक?" तुझं ऐकायचं तर तुझं काम मोडायचं. तुझं काम राखायचं तर तुझं ऐकायचं नाही. हे कसलं कोडं घालून गेलीस मला? मेल्यावरसुद्धा तुझाच वरचष्मा!

कात्रीचं टोक घालून एक टाका काढला. काजूच्या पानाच्या देठाचा. दोरा निघाला आणि कापडात दोन बारीक भोकं दिसली. तलम कापड ते, सुई गेली की खूण राहतेच. मी सगळं उसवलं असतं आणि परत शिवलं असतं, तरी माझी सुई तुझ्याच भोकांतून खालीवर झाली असती. नक्षी तुझीच राहिली असती, फक्त ती तुझी नाही असं आम्ही म्हटलं असतं. तेव्हाच मी कात्री ठेवली आणि भांडी आपटायला आत गेले.

नंतर तो टाका परत घातला आणि श्रद्धाला फोन केला. म्हटलं, आईला घेऊन एकदा ये. शेला डोळ्यांनी बघा, मग तुम्ही म्हणाल ते करते. मनात ठरवलं होतं की त्या बाईला चांगली ऐकवायची. वाक्यं तयार होती माझी. काल दोघी स्कूटरवरून आल्या. श्रद्धा मागच्या वेळी काकीबरोबर आली होती, आईला मी पाहिलेलं नव्हतं. बारीक बाई, साधी कॉटनची साडी, हातात पातळशी एकेक बांगडी, गळा मोकळा. बल्कांवाच्या पायरीवर ती थांबली, आत यायच्या आधी पदर खांद्यावरून ओढून घेतला. ती हालचाल मी ओळखते. तू चारचौघांत जाताना तशीच ओढायचीस. माझी तयार वाक्यं बाजूला ठेवून मी तिला बसवलं.

मी शेला तिच्या मांडीवर उलगडला. ती बराच वेळ पानांवरून बोट फिरवत होती, हात न टेकवता, वरून वरून. मग उघड्या जागेशी आली. "हें उक्तें कित्याक उरलां?" मी सांगितलं. सगळं सांगितलं, तुझी रीत म्हणून नाही, जसं होतं तसं. की माझी वैनी विधवा होती आणि लग्नाच्या कापडाचा शेवटचा टाका तिनं कधी स्वतः घातला नाही. दुसऱ्याच्या हाती द्यायची.

तिनं शेला घट्ट धरला. आता टेकवला हात. "म्हणजे तीय तशीच," एवढंच म्हणाली. मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली. नवरा गेल्यापासून घरात काही वाकडं झालं की सगळे तिच्याकडे बघतात. गाय आटली, तरी तिच्याकडे. चेडवाची सोयरीक एकदा मोडली, तेव्हाही. "म्हाका तुमच्या वैनीचो भंय ना गो बाय. उद्यां कितेंय वायट जालें जाल्यार लोक म्हणटले, आवय तशी, शेलोय तसोच हाडलो. चेडवाक हळद लावपाक काकी आसा, ओवाळपाक काकी आसा. हांव भितर वाटप करतलें." भितर. मसाला वाटत, जनेलाच्या पलीकडे. मला तुझे ते दोन डोळे दिसले, माझ्या खांद्याची शिवण बघणारे. वैनी, त्या दिवशी तू खरंच शिवणच बघत होतीस का गं?

श्रद्धानं सुई उचलली. तूच टोचून ठेवलेली, तुझाच दोरा ओवलेला, चार बोटांपुरता. आईपुढे धरून म्हणाली, "आई, तूं मार." आई म्हणाली, "पिशी गो तूं?" श्रद्धा म्हणाली, "काकीन हळद लावूं दी, ओवाळूं दी. हो टाको तुजो. ना जाल्यार म्हाका शेलो नाका." आईनं दाराकडे बघितलं. रस्त्यावर कुणी नव्हतं. संगीता उठली आणि दाराची फळी पुढे लोटून घेतली.

मी थांबवू शकले असते. तुझी रीत मला ठाऊक होती, सुई सवाशिणीच्या हातात द्यायची. मी सवाशीण समोर बसले होते. मी हात पुढे केला नाही.

तिनं टाके घातले. तुझ्यासारखे नाहीत, वैनी, एक लांब, एक आखूड, मधे एक चुणी पण आली. शेवटी गाठ मारून दोरा दातांनी तोडला. तू असतीस तर ओरडली असतीस, दातांनी दोरा तोडलेला तुला खपायचा नाही. मी ओरडले नाही. चुणी सरळ करून देऊ का, असंही विचारलं नाही. शेला घडी करून पिशवीत घातला. जाताना तिनं माझे दोन्ही हात धरले. मला वाटलं बरं वाटलं म्हणेल. ती म्हणाली, "कोणाक सांगू नकात हां बाय. म्हज्या दिराक कळ्ळें जाल्यार लगीन उबें रावचें ना." मी म्हटलं, नाही सांगणार, शपथ.

रात्री तुझ्या दिराला म्हटलं, शेला गेला. तो म्हणाला, उसवलास शेवटी? मी हं म्हटलं.

आता तुला सांगते. भांडण मी जिंकले असं मला अजिबात वाटत नाहीये. तू नसताना तुझा नियम मोडला, त्यात कसलं जिंकणं? तू दोन शब्द उलट बोलली असतीस तर मजा होती. आणि दुसरं सांगते, मला भीती वाटतेय. श्रद्धाच्या संसारात उद्या साधं दूध उतू गेलं तरी ती माऊली मनात म्हणेल, माझ्या टाक्यामुळे. आणि सुई आमच्या घरची. काल रात्री डोळा लागेना तेव्हा हेच फिरत होतं, आणि एकदम वाटलं, तुला हे प्रत्येक शेल्याच्या वेळी वाटायचं का? प्रत्येक मुलीच्या बाबतीत? कुणाच्या घरी काही झालं तर कुणी तुझं नाव घेऊ नये, आणि कुणी घेतलं नाही तरी तू स्वतः घेऊ नयेस, म्हणून ती चार बोटं सोडायचीस? मी तुला मागासलेली म्हणायची. तू घाबरलेली होतीस. हे एकदा तरी म्हणायचं होतंस ना. मी काय, भांडणं सोडून दोरा ओवला असता.

मशीनचं झाकण आज काढलं. संगीता येऊन बसलीय. कुडाळच्या एका मुलीचा शेला कापायचाय, आणि शेवटची चार बोटं कुणाला द्यायची हे मला अजून ठरवता येत नाहीये. तुझ्या जागेवर मी बसत नाही, कात्री तिथे ठेवलीय.

शपथ मोडलेली नाही मी. त्या बाईचं मी कुणालाही सांगणार नाही. तुला सांगितलं, कारण आता तू कुणाला सांगणार, वैनी?